मामा नेमकं काय करतो

माझा धाकटा भाऊ काय करतो, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. उत्तर माहीत नाही असं नाही. सोमवार ते शुक्रवार तो एका पाळणाघरात मुलांना दुपारी झोपवतो आणि रविवारी संध्याकाळी एका क्लबात डीजे म्हणून मोठ्या माणसांना नाचवतो. एवढं साधं उत्तर आहे. पण ते ऐकून माणसं आधी हसतात, मग मी हसत नाहीये हे बघून जरा सावरतात आणि विचारतात, "ते ठीक आहे हो, पण त्याचं खरं काम कुठलं?" आणि इथेच घोडं पेंड खातं.

मी स्वतः रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. आलेल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायची, हे माझं काम. कुणाचं रक्त, कसली तपासणी, कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं, हे सगळं चिठ्ठीवर आल्याशिवाय बाटली पुढे सरकत नाही. बिनचिठ्ठीची बाटली दिसली की मला घाम फुटतो. अशा बाईला देवानं भाऊ दिला तो हा, ज्याच्यावर एक चिठ्ठी म्हणून टिकत नाही. हा माझ्यावर अन्याय आहे, असं मी आईला नेहमी ऐकवते. आई म्हणते, "मी काय मुद्दाम केलं का?"

दिसायला तो पाळणाघरातलाही वाटत नाही आणि क्लबातलाही वाटत नाही. उंची इतकी, की कुठल्याही दारातून जाताना मान आपोआप खाली जाते. छातीवर रुळणारी दाढी. हात असे, की त्याने चहाचा कप धरला की कप कुठे गेला ते शोधावं लागतं. आणि एवढा देह घेऊन चालतो मात्र बिनआवाजाचा. आई ओट्याशी काही करत असली आणि मागे वळली की हा उभा. "अरे, जरा पाय वाजवत येत जा, एक दिवस माझा जीव जाईल," असं ती त्याला आठवड्यातून दोनदा तरी म्हणते.

त्याचं आवडतं वाक्य म्हणजे "कळत नाही गं". चहा की कॉफी? कळत नाही गं. निळा शर्ट की पांढरा? कळत नाही गं. लोकांना वाटतं टाळतोय. टाळत नाही, बिचाऱ्याला खरंच कळत नाही. तो दोन्ही बाजू नीट बघतो आणि दोन्ही त्याला पटतात. लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो तेव्हा हा सगळ्यात आधी बाद. उडी मारायची की नाही याचा विचार करेपर्यंत पुढची हाक यायची.

त्याला पाळणाघरात मीच पाठवलं, तेही एका दिवसापुरतं. माझा मुलगा तिथे जातो. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या आणि एक गॅलरी, एवढंच पाळणाघर. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. दाराशी एक लाकडी खुर्ची आहे, तिच्यात बाई पाठ ताठ करून बसतात आणि तिथून त्यांना दोन्ही खोल्यांतला कण न् कण दिसतो. विश्वास हा शब्द त्यांना ठाऊक नाही. मदतनीस बायकांनी मुलं मोजली की बाई स्वतः पुन्हा मोजतात. मी माझ्याच मुलाला न्यायला गेले तरी आधी माझ्याकडे एकदा निरखून बघतात.

तर त्या दिवशी मी लॅबमध्ये अडकले आणि मुलाला आणायला भावाला पाठवलं. तेव्हा तो मोबाइलच्या दुकानात होता. गिऱ्हाइकानं "यातला चांगला कुठला?" विचारलं की हा "कळत नाही हो" म्हणायचा, त्यामुळे दुकानाची भरभराट बघण्यासारखी होती. तो पोचला तेव्हा मुलांची झोपेची वेळ होती आणि एकही मूल झोपलेलं नव्हतं. रडारड, उशांची फेकाफेक, बाईंचा आवाज बसलेला. हा जिन्यातच थांबला. मग बाईंना म्हणाला, "खालचं मोठं मशीन आज बंद आहे का?"

ते बंद होतं. वर्षानुवर्षं मुलं त्या मशीनच्या घरघरीवर झोपत होती आणि हे बाईंच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. हा मुलांमध्ये जमिनीवर बसला, फोन पालथा ठेवला आणि त्यातून कसलातरी खर्जातला आवाज अगदी हळू सुरू केला. थोड्या वेळात खोली शांत. बाईंना ते इतकं खोटं वाटलं, की त्यांनी दोन-तीन मुलांच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन, "तुमचा भाऊ उद्यापासून रिकामा आहे का?"

मग त्याने लाँड्रीत अर्धा दिवस बसून मशीनचे सगळे आवाज उतरवून घेतले. पाणी भरतानाचा, फिरतानाचा, शेवटी गरगरत थांबतानाचा. त्यातून त्याने झोपेची गाणी तयार केली. त्याला विचारलं की तो सांगतो, की लवकर झोपणारं मूल भिंतीकडे घालायचं नाही, मधोमध घालायचं, म्हणजे झोप तिथून कडेला पसरते. डोळे मिटलेत याला काही अर्थ नाही, मुठी उघडल्या की मूल झोपलं. आणि मग त्याच दमात सांगतो, की क्लबातही तसंच. तिथे हात वर करणाऱ्यांकडे बघायचं नाही, टाचा बघायच्या. टाच उचलली की माणूस आपला. हे ऐकताना मला दर वेळी पटतं आणि घरी गेल्यावर वाटतं, हा मला गुंडाळतोय की काय.

पाळणाघरात त्याला सगळी मुलं मामा म्हणतात. त्याला मामा म्हणायचा कायदेशीर हक्क फक्त माझ्या मुलाचा, पण ते सोडा. एका रविवारी एका मुलाचे वडील क्लबात आले आणि टेबलामागे याला बघून आनंदानं ओरडले, "अरे, मामा!" आजूबाजूच्यांनी ते उचललं. पुढच्या आठवड्यात क्लबाच्या दारावर फलक लागला, डीजे मामा. एवढी दाढी वाढवून, एवढं अंधारात उभं राहून मिळालं काय, तर मामा.

आईला यातलं काहीच उमगत नाही. तिने एकदा त्याला समोर बसवून विचारलं होतं, "गाणी दुसऱ्यांनी म्हटलेली, वाजवलेली दुसऱ्यांनी. मग तू काय करतोस?"

"मी ती एकामागून एक लावतो."

"ते तर रेडिओ पण करतो. आणि दुपारी?"

"दुपारी मुलं झोपतात."

"झोपतात ती. तू काय करतोस?"

त्याने बराच विचार केला. "बघतो," म्हणाला. आईनं कपाळाला हात लावला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बाईंचे गुडघे गेले. जिना चढणं त्यांना होईना. एका संध्याकाळी त्यांनी याला थांबवून घेतलं आणि सांगितलं, की या महिन्याच्या शेवटी मी घरी बसणार. पाळणाघर तू चालव. नाहीतर बंद करते, लाँड्रीवाला इस्त्रीसाठी वरच्या खोल्या मागतोच आहे. अट एकच, रविवारचं ते बंद. "ज्याच्याकडे लोक पोटची पोरं सोडतात त्याचं नाव क्लबाच्या दारावर नको. उद्या एखादी आई मला विचारेल, तिला मी काय सांगू?" पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर दे, असंही म्हणाल्या.

क्लबाच्या मालकालाही तोच मुहूर्त सापडला. हा माणूस आतल्या अंधारातसुद्धा काळा चष्मा लावतो, म्हणून आमच्या घरात तो चष्मेवाला. त्याला मामा आता आठवड्यातून चार दिवस हवा होता, तेही दुपारपासून, आवाजाची तयारी करायला. म्हणजे पाळणाघर सोडा. त्यालाही बुधवारपर्यंत सांगायचं होतं.

मी सरळ पाळणाघराच्या बाजूनं होते. स्वार्थ होताच. ते बंद झालं तर माझ्या मुलाला मी लॅबमध्ये बाटल्यांशेजारी बसवणार होते का? पण त्याहून जास्त मला वाटत होतं, की निदान या माणसावर एकदाची एक चिठ्ठी लागेल. आईचं मत होतं, जिथे वेळेवर जेवता येईल ते कर. आणि तो? तो जेवताना आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचा.

"अरे, तुला काय आवडतं ते तरी सांग," मी चिडून म्हटलं.

"ते मला एकच वाटतं गं ताई."

"एक झोपवणं आहे आणि एक नाचवणं! एकच कसं असेल?"

"तेच तर कळत नाही."

रविवारी चष्मेवाल्याने आम्हाला क्लबात बोलावलं. त्याला वाटलं असणार, घरचे खूश झाले की मामा हो म्हणेल. आई कानात कापसाचे बोळे घालून तयार झाली. गाड्या लावायच्या इमारतीच्या खाली तळघरात क्लब. बाहेर अजून संध्याकाळचं ऊन आणि पायऱ्या उतरून आत गेलो तर मिट्ट काळोख. छत इतकं खाली, की भाऊ तिथे कसा मावतो हा मला पहिला प्रश्न पडला. अत्तर, ओल आणि नव्या रंगाचा वास. आई माझा दंड धरून म्हणाली, "अगं, कुणाला तरी दिवा लावायला सांग."

आता पुढे झालं ते कळायला शुक्रवारची एक गोष्ट सांगायला हवी. भावाकडे दोन पेनड्राइव्ह होते, दोन्ही काळे, एकाच आकाराचे. एकावर झोपेची गाणी, एकावर क्लबाची. शहाणा माणूस त्यावर काही लिहून ठेवेल. याने झोपेच्या पेनड्राइव्हवर बदकाचं एक स्टिकर लावलं होतं, बस. आतल्या गाण्यांनाही नावं नाहीत, नुसते आकडे. शुक्रवारी दुपारी माझ्या चिरंजीवांनी ते बदक सोलून स्वतःच्या कपाळावर चिकटवलं. मामाने ते हळूच काढून परत पेनड्राइव्हवर लावलं. लावलं ते दुसऱ्यावर. आणि बदकवाला पाळणाघरात ठेवून बिनबदकाचा खिशात घालून निघून आला.

तर रविवारी तो टेबलामागे आला तेव्हा चष्मेवाला त्याच्या कानाला लागला होता. बुधवारचं उत्तर, चार दिवस, मोठा फलक, असं काय काय. त्याच्या आधी गाणी लावणाऱ्या पोरीचं शेवटचं गाणं संपत आलेलं. एरवी हा आधी हेडफोनवर ऐकून मग गाणं सोडतो. त्या दिवशी हेडफोन गळ्यात, कान चष्मेवाल्याच्या तोंडाशी. त्याने पेनड्राइव्ह खोचला, पहिला आकडा दाबला आणि आवाज वर केला.

तो आवाज मी लगेच ओळखला. मुलाला आणायला जाते तेव्हा जिन्यात रोज ऐकते तो. मोठ्या मशीनची घरघर आणि तिच्या तळाशी कुठेतरी ठक, ठक. फक्त इथे तो भिंतींतून, जमिनीतून, आपल्या पोटातून येत होता. आईनं एका कानातला कापूस काढला आणि म्हणाली, "हे आपल्या वॉशिंग मशीनसारखं नाही का वाजत?"

नाचणारे थांबले. मी भावाकडे बघितलं. एखादं मूल काही केल्या झोपत नसलं की त्याचा जो चेहरा होतो तो चेहरा. घाईनं तो पुढचे आकडे दाबून बघत होता, पण पुढेही सगळी झोपच भरलेली. आधीच्या पोरीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत राहिला होता. तो त्यात शोधायला लागला, अनोळखी गाण्यांतून, एका हातानं, आणि तोपर्यंत घरघर चालूच.

पण कुणी गेलं नाही. आधी एका मुलीनं डोळे मिटले आणि हात वर धरले. मग तिच्या शेजारच्याने. सगळ्यांना वाटलं, काहीतरी मोठं येतंय. बघता बघता सगळी खोली हात वर करून, अजिबात न बोलता, संथ डुलत उभी राहिली. इतक्या माणसांची इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आईसुद्धा डुलत होती, ती नाही म्हणते, पण मी बघितलं. आणि मग त्याला कुठलंतरी गाणं सापडलं आणि त्याने ते सोडलं.

खोली फुटलीच. किंचाळ्या, उड्या, कुणी कुणाच्या गळ्यात, छतावरून कसलासा भुगा आमच्या केसांत. चष्मेवाल्यानं चष्मा काढला. त्याचे डोळे अगदी साधे, जरा भित्रे निघाले. भावाला मिठी मारून तो ओरडला, "मामा! हेच! दर आठवड्याला हेच पाहिजे!"

घरी येताना आई खुशीत होती. "छान झालं हो. पण तू नेमकं केलंस काय?"

त्याचा चेहरा उतरला होता. रस्त्यात त्याने मला ती पेनड्राइव्हची भानगड सांगितली. "चूक झाली ताई. चुकून झालं सगळं."

"मग काय बिघडलं? चांगलंच झालं ना?"

"चुकून चांगलं झालं, तर त्यात मी कुठे?"

मी आईला रिक्षा बघायला सांगितलं.

सोमवारी आणखी कहर. घाबरून हा झोपेचा पेनड्राइव्ह क्लबातच विसरला होता. सकाळी मुलांना खाऊ-पिऊ घालून तो आणायला धावला, तर क्लब बंद. किल्लीवाला उगवेपर्यंत दुपार झाली. त्याने बाईंना फोनवर फोन केले, की मी येईपर्यंत गाण्यांच्या यंत्राचं बटण दाबू नका. पण जेवणाच्या वेळी बाईंचा फोन कपाटात असतो, तो त्यांचा नियम. जेवणं झाली, गाद्या घातल्या, मुलं मामा मामा करायला लागली. बाई म्हणाल्या, "मामा जिन्यात आहे, येतोच आहे, आडवे व्हा बघू." आणि बदक बघून बटण दाबलं.

धडाम धडाम सुरू झालं. बाईंना त्या यंत्राचं ते एकच बटण माहीत. बंद कसं करतात ते ठाऊक नाही. आवाजाची गोल चकती मात्र सापडली, ती फिरवून त्यांनी आवाज अगदी कमी केला. मुलं एकमेकांकडे बघून खुदखुदली. आणि झोपली. हा घामाघूम होऊन जिना चढून आला, तर खोलीभर उघड्या मुठी आणि हळू आवाजात क्लबातलं सगळ्यात धांगडधिंग्याचं गाणं. बाई म्हणाल्या, "नवीन आहे वाटतं. बरं आहे, लवकर झोपली आज."

तो तसाच माझ्या लॅबच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी बाहेर गेले, त्याने सगळं सांगितलं आणि मी हसून हसून फाटक धरलं. तो हसत नव्हता.

"झोपेचं लावलं तर माणसं नाचली. नाचायचं लावलं तर पोरं झोपली. आणि मी तर तिथे नव्हतोच. मग ताई, मी करतो काय? आई विचारते ते बरोबरच आहे की."

माझं हसू पळालं. खरं सांगते, मीसुद्धा गोंधळले. इतकी वर्षं मी त्याला हेच विचारून छळत आले होते आणि आता तो मलाच विचारत होता. आणि उत्तर नसलं की मला राग येतो, तसा आला. "ते मला नको विचारू," मी म्हटलं, "बुधवारी दोघांपैकी एकाला हो म्हण, म्हणजे सुटलो सगळे."

मंगळवारी तो गेलाच नाही. बरं नाही म्हणून बाईंना कळवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी मी मुलाला आणायला गेले तर बाईंचे डोळे लाल. वाटेत मुलगा म्हणाला, "आज कुणीच झोपलं नाही. बाईंनी धडामधडामचं लावलं, मग घरघरचं लावलं. तरी नाही."

"काल तर झोपलात की लगेच."

"काल मामा जिन्यात होता ना," तो म्हणाला आणि रस्त्यातला दगड लाथाडत पुढे गेला.

मी ते घरी येऊन भावाला सांगितलं. तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "पाऊस-पाण्यानं हवा बदलली असेल." बाहेर कोरडं ठणठणीत होतं.

बुधवारी सकाळी तो अंघोळ करून, दाढी विंचरून माझ्यासमोर आला. "ठरलं," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला मी. "बाईंना नाही म्हणून सांगतो. चष्मेवाल्यालाही नाही."

"आणि मग?"

"मोबाइलच्या दुकानात बघतो परत. तिथे निदान मला काही येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

मला फार वाईट वाटलं. मला त्याच्यावर एक चिठ्ठी हवी होती, पण ही नको होती. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि त्याच्याबरोबर निघाले. का, ते नीट सांगता येणार नाही. तो जिन्यात अडकून पडेल म्हणून असेल, किंवा मीच त्याला अडवीन अशी मला आशा असेल.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि वरून रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. झोपेच्या वेळी वर फोन वाजायला नको, म्हणून त्याने तो माझ्याकडे दिला. "पाच मिनिटांत येतो," म्हणाला आणि गेला. मी लाँड्रीतल्या बाकावर बसले. लाँड्रीवाला चादरींच्या घड्या घालत होता. मनात मी बाईंचं तोंड रंगवत होते, मग इस्त्रीची टेबलं वर चढताना रंगवली, मग माझ्या मुलाला लॅबच्या स्टुलावर बसवून बघितलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. लाँड्रीवाला एकदम थांबला आणि छताकडे बघून म्हणाला, "गप्प झाली की पोरं."

खरंच, वर काही आवाज नव्हता. कसलाच.

फोन वाजला, चष्मेवाला. "मामा कुठे आहे? आज सांगणार होता."

"तो कामात आहे."

"कसल्या कामात?"

"मुलांना झोपवतोय," मी म्हटलं. तो हसायला लागला. मी फोन बंद करून टाकला आणि वर गेले.

दारातच थबकले. यंत्राची वायर भिंतीतून काढून ठेवलेली. गाद्यांच्या दोन रांगा, मुलं वाटेल तशी पसरलेली, माझा मुलगा दुसऱ्या कुणाच्यातरी उशीवर. मधोमध जमिनीवर तो मांडी घालून बसलेला, जागा. आणि दाराशी त्या लाकडी खुर्चीत बाई झोपलेल्या. मान एका बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं, आणि मांडीवरचा हात सैल.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. "सांगितलंस?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. अगदी हळू म्हणाला, "कधी सांगू? मी आलो, खाली बसलो, म्हटलं जरा थंड होऊ देत. ही एकेक करून आडवी झाली. मागे वळून बघतो, तर बाई."

"मग उठव त्यांना."

बाईंना थोबाडीत मार असं मी सांगितल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा मुलांकडे बघायला लागला. एकेका मुलावरून त्याची नजर जात होती, थांबत होती, पुढे जात होती, आणि फिरत फिरत दर वेळी खुर्चीपाशीही थांबत होती. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. आई म्हणाली होती, तू काय करतोस, आणि हा म्हणाला होता, बघतो. मला रडू आलं आणि तिथे आवाज करायची सोय नव्हती.

मुलं उठली, दूध प्यायली. आयाबाप आले. तो एकेकाला दाराशी नेऊन, चपला घालून, हातात हात देऊन पाठवत होता. मी गाद्या गुंडाळल्या. ये-जा, दाराची करकर, माझ्या मुलाची पळापळ, बाईंना कशाचा पत्ता नाही. खोली पार रिकामी झाली तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या आणि धडपडत उभ्या राहिल्या.

"मुलं! मुलं कुठायत?"

"घरी गेली, बाई."

"कुणी सोडली?"

"मी."

"मोजून?"

"मोजून."

बाई परत खाली बसल्या. त्यांनी चष्मा पुसला, साडी सारखी केली, आमच्याकडे न बघता. त्यांना भयंकर लाज वाटली होती आणि ती रागासारखी बाहेर आली. "मला उठवलं का नाहीस?"

"गाढ झोप लागली होती तुम्हाला."

"या खुर्चीत माझा कधी डोळा लागला नव्हता," बाई म्हणाल्या. "कधीच नाही." मग त्यांनी पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्यापुढे धरला. "आणि ते रविवारचं तुझं तू बघ. मला विचारू नको, मला त्यातलं काही कळत नाही."

तो हात पुढे करेना. बाईंच्या बोटांतून जुडगा निसटायला लागला, तेव्हा त्याने घाईनं ओंजळ खाली धरली.

जिना उतरताना माझा मुलगा पुढे धावला. भाऊ मध्येच एका पायरीवर थांबला.

"ताई, मी नाही म्हणून सांगायला गेलो होतो."

"माहीत आहे."

त्याने मूठ उघडून किल्ल्यांकडे बघितलं. एकेक किल्ली बोटाने बाजूला करत बराच वेळ बघत राहिला.

"यातली खालच्या दाराची कुठली, ते विचारायचंच राहिलं," तो म्हणाला आणि परत वर गेला.